चंद्री आणि तिची पिल्लं: रेस्क्यूपासून अडॉप्शनपर्यंत काय काय लागतं

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या-अनोळखी बऱ्याच जणांनी मला एकच विचारलंय, "आमच्या गल्लीत कुत्र्याची पिल्लं आहेत, त्या प्राण्यांच्या संस्थेचा नंबर दे ना, येऊन घेऊन जातील." नंबर मी देतेच. पण येऊन घेऊन जातील असं नसतं. आपल्याकडे खान्देशात अशा संस्था मोजक्या, त्यांच्याकडे जागा त्याहून कमी, आणि चालवणारे सगळे आपापली नोकरी, दुकान, कॉलेज सांभाळून हे करतात. डॉक्टर, औषधं, ऑपरेशन, फॉर्म, ओळखीपाळखी हे सगळं संस्था देते, पण जागा आणि हात आपलेच लागतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये मला हे कोणी नीट समजावून सांगितलं असतं तर बराच धीर आला असता, म्हणून वहीत लिहिलेलं बघून तारीखवार टाकतेय.

आम्ही अमळनेरला राहतो. कॉलनीच्या मागे एक बांधकाम अर्धवट पडलंय, तिथे चंद्री ही भटकी कुत्री असते. कपाळावर पांढरा डाग म्हणून चंद्री. मार्चमध्ये व्याली, चार पिल्लं. १७ एप्रिलला, गुरुवार होता, संध्याकाळी पतसंस्थेतून परत येताना बघितलं तर ती मान वाकडी करून बसलेली, भाकरी टाकली तरी उठेना, जवळ गेले तर वास. कानाच्या खाली रुपयाएवढं भोक पडलेलं आणि आत अळ्या वळवळत होत्या. आणि त्याच अंगावर चार पिल्लं चढून दूध पिताहेत. मला मळमळलं, पण त्याहून जास्त भीती वाटली की हे आपल्याच्याने होणार नाही आणि दुसरं कोणी करणारही नाही.

शेजारच्या काकांनी सांगितलं रॉकेल ओत, कोणी म्हणालं फिनाईल. यातलं काहीही करू नका. अळ्या मरतात पण आतलं मांस भाजून निघतं आणि जनावर ते चाटून अजून आजारी पडतं. जनावरांची औषधं मिळतात त्या मेडिकलवाल्याने धुळ्याच्या एका संस्थेच्या ताईंचा नंबर दिला. त्यांनी पहिल्यांदा प्रश्नच विचारले, खातेय का, उठून चालते का, अंगावर येते का, पिल्लांचे डोळे पूर्ण उघडलेत का, फोटो पाठवा, जखमेचा व्हिडिओ पाठवा, लोकेशन पाठवा. मग म्हणाल्या, "आमच्याकडे जागा अजिबात नाही. तुम्ही काही आठवडे त्यांना ठेवू शकाल का? बाकी सगळं आपण मिळून करू." मी घरात न विचारताच हो म्हणून टाकलं. ताईंनी ते विचारलं नसतं तर मी पण नंबर फिरवत बसले असते.

मग घरी सांगितलं. मिस्टर काही बोलले नाहीत, सासूबाई म्हणाल्या मागच्या अंगणात ठेव, घरात नको. तेवढं पुरेसं होतं.

१८ ला गुड फ्रायडेची सुट्टी होती ते बरं झालं. सकाळी जखमेवर मारायचा स्प्रे आणला, दीडशे-दोनशेच्या आत येतो, लांबून मारला आणि दिवसभर बऱ्याच अळ्या आपोआप बाहेर पडल्या. शनिवारी १९ ला संस्थेची दोन पोरं धुळ्याहून मोटरसायकलवर आली, एक इंजिनीअरिंगला आहे आणि एक मेडिकल स्टोअरवर काम करतो. त्यांचं काम बघण्यासारखं होतं. आधी चंद्रीच्या समोर उकडलेलं अंडं ठेवलं, ती खाताना मागून हळूच सुती पट्टी तोंडाला बांधली, गाठ हनुवटीखाली आणि मग परत कानांच्या मागे. मी डोकं धरलं. एक जण टॉर्च धरून आणि दुसरा चिमट्याने एकेक अळी काढून वाटीत टाकतोय, घाई नाही, मध्येच थांबून तिच्या पाठीवरून हात फिरवतोय. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत चांगली दोन बोटं खोल होती. शेवटची अळी निघेपर्यंत तास गेला असेल. मग सलाईनने धुतलं, मलम भरलं, अँटिबायोटिकच्या गोळ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून वजनाप्रमाणे लिहून दिल्या.

पट्टी सोडताना चंद्रीने मान झटकली आणि तिचा दात माझ्या मनगटाला लागला, रक्त आलं. त्या पोरांनी मला सरळ नळाखाली उभं केलं, साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायला लावलं, घड्याळ बघून. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग सरकारी दवाखान्यात. केस पेपर काढायचा, आधार कार्ड न्यायचं, रेबीजचं इंजेक्शन फुकट असतं. आता ते पोटातले चौदा इंजेक्शनवाले दिवस राहिलेले नाहीत, तरी आमच्याकडे अजून त्याचीच भीती घालतात. मला दंडाच्या कातडीत दिली, दोन्ही दंडांना, १९, २२, २६ एप्रिल आणि मग १७ मे. म्हणजे पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. स्नायूत देतात तिथे १४ व्या दिवसाचाही डोस असतो. रक्त आलेलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरम पण लागतं, ते मला दुसऱ्या दिवशी धुळ्याला मिळालं, तर निघायच्या आधी फोन करून विचारा. कार्डावर तारखा लिहून देतात, त्याचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. चंद्रीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलेलं, ती ठणठणीत राहिली, पण म्हणून मी कोर्स सोडला नाही. आणि ज्यांना फोस्टर करायचंय, म्हणजे घर मिळेपर्यंत प्राणी आपल्याकडे ठेवायचाय, त्यांनी चावायची वाट न बघता आधीच डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक डोस घेऊन ठेवा, संस्थेची सगळी पोरं घेतात.

पिल्लांची नावं माझ्या भाचीने ठेवली. गुळू, भुऱ्या, टिप्या आणि एकटी काळीभोर पोरगी, बिबडी. डॉक्टर म्हणाले साधारण महिन्याची आहेत, दात आलेत, म्हणजे मऊ भात-चिकन सुरू करा. गाईचं दूध नको, पिल्लांना जुलाब होतात, हे मला माहीत नव्हतं आणि बहुतेकांना नसतं. जंताचं औषध वजनावर असतं, दर पंधरा दिवसांनी. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर मी त्यांना पिशवीत घालून मोजायचे. तेव्हा ऊन ४३-४४ च्या घरात, म्हणून ओली पोती टांगली, पाण्याची घमेली सावलीत, आणि लहान क्रेट (जाळीचा पिंजरा) अडीच हजारात जुना घेतला.

२८ एप्रिलला संध्याकाळी टिप्याने खाल्लं नाही. रात्री पांढरा फेस ओकला, पहाटे रक्ताचे जुलाब आणि तो वास, एकदा आला की विसरत नाही. ताईंना फोटो पाठवला तर लगेच उत्तर, "पार्वो वाटतोय, बाकीची आत्ताच्या आत्ता वेगळी करा." पार्वो म्हणजे पिल्लांच्या आतड्याला होणारा, झपाट्याने पसरणारा विषाणूचा आजार. पहिली लस सहा आठवड्यांच्या पुढे सुरू होते, आमची तारीख लागलेली होती पण अजून आली नव्हती. २९ ला भर दुपारी ओला टॉवेल गुंडाळून त्याला धुळ्याला नेलं, किट टेस्ट सातशे रुपये, पॉझिटिव्ह. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, दिवसाला सातशे-आठशे. यावर विषाणू मारणारं असं हमखास औषध नाही, शरीरातलं पाणी टिकवायचं आणि पिल्लाने स्वतः लढायचं. संस्थेने निम्मा खर्च उचलला आणि पायात सुई लावून दिली, थेंब कसे मोजायचे ते शिकवलं, म्हणजे रात्री घरी देता आलं.

१ मेला पहाटे टिप्या गेला. महाराष्ट्र दिन, सगळं बंद, सासूबाई माझ्याआधी उठलेल्या आणि त्याच्याजवळ बसून होत्या. घरात नको म्हणणाऱ्या त्याच. मिस्टरांनी बांधकामाच्या मागे खोल खड्डा खणला, चुना टाकला. मी त्या दिवशी ताईंना म्हणाले मला हे जमत नाही, बाकीची घेऊन जा. त्या म्हणाल्या नेऊ शकत नाही, पण रोज रात्री ९ वाजता फोन करीन. आणि केला, भुऱ्यालाही लागण झाली होती आणि तो उठून पाणी प्यायला लागेपर्यंत एकही रात्र चुकली नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. फिनाईलने पार्वो मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, फरशी आधी साबणाने धुवून मग ते टाकायचं, दहा मिनिटं ठेवायचं, पिल्लांना तोवर लांब. मातीत तो महिनोन्महिने टिकतो. म्हणून अंगणात पार्वो झाला असेल तर तिथे नवीन, लस न झालेलं पिल्लू आणू नका, कितीही दया आली तरी. गुळू आणि बिबडी गच्चीवरच्या खोलीत कूलर लावून वेगळी ठेवलेली, ती वाचली.

मे महिना यात्रेचा. सखाराम महाराजांचा रथ एकादशीला, ८ मेला होता, पौर्णिमेला पालखी. बोरी नदीच्या पात्रात पाळणे-दुकानं, घरात पाहुणे, त्यामुळे चंद्रीची तपासणी पुढे ढकलली, काही बिघडलं नाही, जखम आतून भरत आली होती. १७ मेला माझं शेवटचं इंजेक्शन आणि पिल्लांची पहिली लस एकाच दिवशी झाली. दुसरी ८ जूनला, रेबीजची २२ जूनला, ती तीन महिन्यांच्या आसपास देतात. बाहेर या एकत्रित (पार्वो आणि इतर आजारांवरच्या) लसीला सहाशे ते नऊशे घेतात, संस्थेच्या कॅम्पमध्ये साडेतीनशेला पडली. लसीचं पुस्तक पहिल्याच दिवशी करून घ्या, घर शोधताना लोक तेच आधी मागतात.

घर शोधणं मला सोपं वाटलेलं. सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. फोटो सकाळच्या उजेडात, पिल्लाच्या उंचीवर खाली बसून काढायचा, सोबत माणसाचा हात किंवा चप्पल असावी म्हणजे आकार कळतो, आणि स्वभाव खरा लिहायचा. "बिचारी अनाथ पिल्लं" असं लिहिलं की लोक हळहळून पुढे जातात, "गुळूला माणसांच्या पायावर झोपायला आवडतं" लिहिलं की फोन येतात. फोन कसले, तर लॅब्राडोर क्रॉस आहे का, मेल (नर) आहे का, पांढरं आहे का. बिबडी मादी आणि काळी, तिच्यासाठी कितीतरी दिवस एकही फोन आला नाही.

संस्थेचा फॉर्म दोन पानी आहे. आधारची झेरॉक्स, भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी, घरातल्या सगळ्यांची संमती, वेळेवर लस, मोठं झाल्यावर नसबंदी, चोवीस तास साखळी नाही, आणि जमलं नाही तर रस्त्यावर न सोडता संस्थेला परत. प्राण्याला असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे ही ओळ पण छापलीय. त्याआधी घर बघतात. मला हे सगळं सुरुवातीला फार वाटायचं, पिल्लू फुकट देतोय आणि वर चौकशी. आता मी स्वतः लोकांना तेच प्रश्न विचारते.

पारोळ्याकडच्या एका गावातून एक दादा आले, थेट म्हणाले, "ताई, वावरमा राखनले कुत्रं जोयजे, देई टाका एखादं." ताईंनी नाही सांगितलं, शेतात एकटं बांधून ठेवायला देत नाही. ते नाराज होऊन गेले. मला वाईट वाटलं, कारण आपल्याकडे निम्मी कुत्री वावरातच वाढतात आणि चांगली वाढतात. पण आठ-दहा दिवसांनी त्यांचाच फोन, घर वावरातच आहे, बायको-पोरं तिथेच राहतात, येऊन बघा. आम्ही गेलो. ताईंनी काय बघितलं, तर रानडुकरांसाठी तारेला करंट सोडलाय का, फवारणीची औषधं कुठे ठेवतात, विहिरीला कठडा आहे का, रस्ता किती लांब. करंट नव्हता. औषधं उघड्यावर होती, तर दादांनी आमच्यासमोर पेटी रिकामी करून आत ठेवली आणि कुलूप लावलं. त्यांची मुलगी भुऱ्याला मांडीवर घेऊन बसली ती उठेचना. भुऱ्या २९ जूनला तिकडे गेला, तीन महिने दर आठवड्याला व्हिडिओ यायचा आणि आता न मागता येतो.

गुळूला नाशिकचं कुटुंब मिळालं. संस्थेच्या एकाची गाडी धुळ्याहून नाशिकला जाणार होती, पहाटे चारला निघालो, ऊन्हं चढायच्या आत पोचायचं. प्रवासाच्या आधी चार तास पोटभर खायला द्यायचं नाही, क्रेटमध्ये त्याच्या नेहमीच्या अंथरुणाचा तुकडा टाकायचा.

बिबडीला जुलैत जळगावचं घर मिळालं आणि ती तीन आठवड्यांत परत आली, घरमालकाने आधी हो म्हटलेलं, मग फिरला. त्या बाई रडत आणून देऊन गेल्या, मी त्यांना बोल लावला नाही, रस्त्यावर न सोडता परत आणलं हेच मोठं. मात्र तेव्हापासून संस्था परवानगी लेखीच घेते, तोंडी चालत नाही.

मधल्या काळात चंद्रीचं ऑपरेशन. दूध पूर्ण आटल्याशिवाय करत नाहीत. ३ जुलैला नेलं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून. बाहेर मादीच्या नसबंदीला चार-पाच हजार लागतात, माझ्याकडून संस्थेने दीड हजार घेतले. रेबीजची लस पण दिली, कानाला खाच पाडली, ही खाच म्हणजे नसबंदी झालेली हे लांबून ओळखायची खूण, आणि टाका सुकल्यावर ९ जुलैला परत त्याच बांधकामापाशी सोडलं. इथे कॉलनीत वाद झाला. "नेली तर परत कशाला आणली?" २०२३ च्या एबीसी (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या) नियमांप्रमाणे जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं, आणि त्याला कारण आहे. ती जागा रिकामी झाली की दुसरी, नसबंदी न झालेली कुत्री येतात आणि वर्षाच्या आत परत पिल्लं. चंद्री असेपर्यंत ती दुसऱ्यांना फार येऊ देत नाही.

११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा दिल्लीच्या कुत्र्यांबद्दल आदेश आला आणि कॉलनीच्या ग्रुपवर त्याच दिवशी मेसेज, आता हिलाही उचला. २२ ऑगस्टला कोर्टाने तो बदलला, नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच भागात सोडायची, फक्त रेबीज झालेली किंवा तसा संशय असलेली आणि आक्रमक सोडून, आणि खायला घालायची जागा ठरवून द्यायची. मी भांडले नाही. चंद्रीच्या ऑपरेशनचा आणि लसीचा कागद ग्रुपवर टाकला आणि खाण्याची जागा गेटपासून हलवून बांधकामाच्या मागच्या बाजूला केली, वेळ पहाटे आणि रात्री, लहान मुलं खेळत नसताना, उरलेलं लगेच उचलून. ज्यांना भीती वाटते त्यांची भीती खरी असते, तेव्हा हे आपण करायलाच हवं. मेसेज कमी झाले.

बिबडीला सप्टेंबरच्या सुरुवातीला घर मिळालं, चाळीसगावचे निवृत्त सर आणि मॅडम. फोटो बघून नाही, ते गुळूच्या घरच्यांचे नातेवाईक, त्याला भेटून आलेले. त्यांनी रंग विचारला नाही, तिला पायऱ्या चढता येतात का एवढंच विचारलं. सासूबाईंनी तिच्याबरोबर कळण्याच्या भाकरीचे वाळवलेले तुकडे डब्यात भरून दिले. १३ ऑक्टोबरला तिची नसबंदी झाली, कागद आले, आणि ताईंनी चारही पिल्लांची फाइल बंद केली. टिप्याचं पान पण त्यात आहे, कारण आणि तारखेसकट.

माझा एकूण खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास झाला, त्यातला मोठा भाग पार्वोत. बिलं सगळी ठेवली आणि संस्थेला पाठवली, त्यांना देणगीदारांना हिशोब द्यावा लागतो. जखमी जनावर दिसलं आणि संस्था लांब असेल तर शासनाचा १९६२ हा पशुवैद्यकीय टोल फ्री नंबर आहे, त्यावर फोन करा आणि त्याच वेळी फोटो-लोकेशन जवळच्या संस्थेलाही पाठवा, एकावर थांबू नका.

क्रेट, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचे दोन कोन, तोंडाच्या सुती पट्ट्या, न उघडलेली स्प्रेची बाटली आणि सलाईनचा स्टँड माझ्याकडे आहे. अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा भागात कोणी फोस्टर करणार असेल तर घेऊन जा, काम झालं की परत आणून द्या. फक्त क्रेट पार्वोच्या घरातला आहे, दोनदा ब्लीचने धुतलाय, तरी लस न झालेल्या पिल्लासाठी तो नेऊ नका, लस झालेल्या कुत्र्यासाठीच न्या.